‘आहे’ की ‘हाय’

मिलिंद,

परवा दुपारी तुझ्या नावाचं पाकीट आलं. वर तुझं नाव, खाली ‘द्वारा’ म्हणून माझं, आणि पत्ता माझ्या खोलीचा. पुण्याच्या लोकांना तसं मीच सांगितलं होतं, आठवतं ना? कॅसेटच्या आतला कागद छापण्याआधी मला पाठवा, शुद्धलेखन मी बघणार. पोस्टमननं विचारलं, “हे मिलिंद इथंच राहतात का?” मी हो म्हणालो आणि पाकीट घेतलं. खोटं बोलायचं मनात नव्हतं. तोंडातून तेच आलं.

आत कच्ची छपाई होती. वर आपल्या बँडचं नाव, ‘गिरणी बंद’. खाली बारीक अक्षरांत गाणी, शब्दांसकट. मी सवयीनं लाल पेन काढलं. ‘ओळखिचे’ केलं होतं, त्याची वेलांटी दीर्घ केली. ‘वळणावर’चा ण तुटला होता, तो नीट केला. मग गायकाचं नाव आलं. ‘मिलींद’ छापलं होतं. मी दीर्घ वेलांटी खोडली, ऱ्हस्व केली, समासात छोटी खूण केली, आणि मग पेन तसंच कागदावर टेकून राहिलं. शाई पसरत गेली. नऊ दिवसांपूर्वी गेलेल्या माणसाच्या नावातली वेलांटी मी दुरुस्त करत होतो. ते मला त्या क्षणापर्यंत कळलं नव्हतं.

कागदाच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलं होतं: ‘बी बाजू, पहिलं गाणं. टेक एक की टेक दोन? लवकर कळवा, प्रती काढायच्या थांबल्या आहेत.’

टेक एकमध्ये तू ‘आहे’ म्हटलंस. टेक दोनमध्ये ‘हाय’. तेवढं एक ठरवायचं राहिलं होतं आपलं.

तू गेल्याचं मला कसं कळलं ते तुला सांगायला हवं. दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही. बुधवारी शाळेत मधली सुट्टी नुकतीच झाली होती. रफिक लुनावरून आला. भुवयांवर, कानांवर पीठ तसंच होतं. चालू गिरणी टाकून आला होता. फाटकाजवळ उभा राहून म्हणाला, “मास्तर, मिल्या गेला.”

मी विचारलं, “कुठे? पुण्याला?”

रफिक माझ्याकडे बघत राहिला. मी पुढे म्हणालो, “पण पत्र आल्याशिवाय जायचं नाही असं ठरलं होतं ना?” थोडा रागही आला होता मला. वाटलं, मला न सांगता गेलास आणि परस्पर ‘हाय’ ठरवून येणार. रफिकनं लुना भिंतीला लावली आणि माझा दंड धरला. “मास्तर,” तो म्हणाला, “तसा न्हाई गेला.”

इतकी वर्षं मराठी शिकवतो मी. ‘गेला’ या शब्दाचा तो अर्थ मला लावता आला नाही. रफिकला दंड धरून सांगावा लागला.

डोक्यातली रक्तवाहिनी, असं डॉक्टर म्हणाले. दुकानात तू कुणाचा तरी रेडिओ उघडून बसला होतास, तारांना कथलाचा डाग देत होतास, आणि टेबलावर डोकं ठेवलंस. शेजारच्याला वाटलं, झोपलास. एवढंच. याच्या पुढं मला काहीही समजत नाही. सव्वीस वर्षांचा माणूस टेबलावर डोकं ठेवतो, त्यापुढे वाक्य असायला हवं. मी रोज ते वाक्य पूर्ण करायला बघतो.

मी रफिकबरोबर भिंगारला आलो तेव्हा गिरणीला कुलूप होतं. दारावरची पाटी लटकत होती. चाचांनी, रफिकच्या वडिलांनी, खडूनं लिहिलेली तीच पाटी: ‘गिरनी बंद हाय’. दोन बायका बाजरीचे डबे घेऊन समोर उभ्या होत्या. एक म्हणत होती, “आज तर बुधवार हाय. बंद कशी काय?” माझा हात सवयीनं पाटीकडे गेला. बोट ओलं करायला ओठांशी नेलं, आणि खाली आणलं.

त्या पाटीपासूनच आपलं सगळं सुरू झालं. चाचा शुक्रवारी दुपारी नमाजाला जात, गिरणी बंद ठेवत, आणि आपल्याला ती मोकळी मिळे. तू दुकानातून चहाच्या नावाखाली सटकायचास. विल्सन चर्चमधली तालीम बुडवून बेस गिटार पाठीला लावून सायकलवर यायचा. माझी शाळा सकाळची, त्यामुळे मी सगळ्यांच्या आधी पोचायचो, आणि तुम्ही येईपर्यंत पाटी दुरुस्त करायचो. ओल्या बोटानं ‘नी’ पुसून ‘णी’. ‘हाय’ पुसून ‘आहे’. दर शुक्रवारी. आणि पुढच्या शुक्रवारी चाचा पुन्हा ‘गिरनी बंद हाय’ लिहायचे. एकदा त्यांनी मला पकडलं. मला वाटलं रागावतील.

“मास्तर,” ते म्हणाले, “लोक वाचून माघारी जात्यात का न्हाई?”

“जातात.”

“मंग झालं की.”

तू आत गिटार लावत होतास. इतका हसलास की तुला परत पहिल्या तारेपासून सुरुवात करावी लागली.

ती गिटार. लष्कराच्या कॅम्पातल्या कुठल्या तरी साहेबांची बदली झाली, त्यांच्या मुलानं सामान बांधताना ती टाकून दिली. मान मोडलेली. तू सुताराकडून चिकटवून आणलीस, आत स्वतः तार गुंडाळून चुंबक बसवलंस, आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ॲम्प्लिफायर केलास. पहिल्यांदा आवाज काढलास तेव्हा गिरणीच्या पत्र्यावरून पीठ खाली आलं, सगळ्यांच्या डोक्यावर. रफिकनं ड्रमवर काठी मारली की पिठाचा एक ढग वर उठायचा. विल्सन म्हणायचा, “आपलं गाणं ऐकायला नको, नुसतं बघितलं तरी चालतंय.”

आणि नाव. विल्सनच्या कॉलेजात गॅदरिंगला आपल्याला वीस मिनिटं दिली होती, आणि निवेदक विचारत होता, काय नाव सांगू? आपण चौघांनी एकमेकांकडे बघितलं. इतक्या गोष्टींवर भांडलो होतो, नावावर भांडायचं राहूनच गेलं होतं. तूच म्हणालास, “गिरणी बंद.” त्यानं स्टेजवर जाऊन ‘गिरणी बँड’ असं जाहीर केलं. त्यानंतर अर्धे लोक तसं म्हणायचे, अर्धे असं. तू कुणालाच दुरुस्त केलं नाहीस. दुरुस्त करायचं खातं माझ्याकडे होतं.

मी तुमच्यात कसा आलो, हे मला अजून नीट कळलेलं नाही. मला सूर कळत नाही, ताल कळत नाही, तुम्ही वाजवायला लागलात की मी कोपऱ्यात जात्याजवळ वही घेऊन बसायचो. तुला गाण्यांना शब्द हवे होते. केबलवर तेव्हा नवी नवी इंग्रजी गाणी दिसत होती आणि भिंगारमधली दहा पोरं ती अर्थ न कळता म्हणत होती. तू म्हणालास, “मास्तर, मला असं गाणं पायजे की म्हणताना आपल्याला काय म्हणतोय ते कळंल.” कुणी माझ्याकडे याआधी असं काही मागितलं नव्हतं. मी वहीतल्या कविता कुणाला दाखवत नव्हतो. तू त्या वाचल्यास, त्यातल्या अर्ध्या ओळी पेन्सिलीनं खोडल्यास आणि म्हणालास, “आता ह्या गाता येत्यात.” मला राग आला. पण खरंच गाता येत होत्या.

मग ते गाणं आलं.

मी लिहिलं होतं:

वळणावरचा दिवा गेला,
पाय ओळखीचे थांबले,
दार नुसतं लोटलंय बघ,
आत ये, मी आहे.

तू पहिल्याच दिवशी शेवटची ओळ बदललीस. ‘आत ये, मी हाय.’ मी म्हणालो, चूक. तू म्हणालास, चूक कशी, माझी आई असंच म्हणते. बाहेरून कुणी कडी वाजवली की ती विचारते, “कोण हाय?” आणि तू बाहेरून म्हणतोस, “मी हाय.” आणि ती “आले, आले” म्हणत येते. ते सगळं गाणं त्या एका दारावर आहे, असं तू मला सांगितलंस. दार मी लिहिलं होतं. पण ते तुझ्या घराचं होतं, हे मला माहीत नव्हतं.

मी ऐकलं नाही. मी म्हणालो, लोकांना वाटेल रडगाणं आहे. हाय हाय करतोय. नाहीतर वाटेल कॉलेजातली पोरं एकमेकांना म्हणतात तसलं इंग्रजी हाय.

“वाटू दे की,” तू म्हणालास. “इंग्रजीत माणूस भेटल्यावर हाय म्हणत्यात, हिंदीत मेल्यावर, आणि आपल्यात असल्यावर. एक शब्द तीन कामं करतो. तुझ्या ‘आहे’ला जमतंय का?”

रफिक म्हणाला, “मास्तर, आउट.”

मी म्हणालो, ‘आहे’मधला ‘आ’ ताणता येतो. तू तो ताणून दाखवलास, तोंड उघडून, जीभ बाहेर काढून. “डॉक्टरला घसा दाखवतोय असं वाटतंय.” सगळे हसले. मीही हसलो, पण वही मिटली. त्या शुक्रवारी मी लवकर घरी गेलो. पुढे आठ महिने आपण त्या एका शब्दावर भांडत राहिलो. बाकीची नऊ गाणी बसली, वाजली, पाठ झाली. या गाण्याची शेवटची ओळ तू तालमीत नुसती गुणगुणायचास, म्हणजे मला त्रास नको. हे आठवलं की मला आता बसवत नाही.

पुण्यातला तो स्टुडिओ, बंगल्याच्या तळघरातला. भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे लावलेले. तू आत गेलास, कानांवर हेडफोन चढवलेस आणि काचेमागून आम्हाला हात केलास, जणू पाण्याखाली होतास. दोन दिवसांत दहा गाणी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हे शेवटचं उरलं. आधी तू ‘हाय’ म्हणून बघितलंस. रेकॉर्डिस्टनं मध्येच थांबवलं. भला माणूस होता, पण त्याला हसू आवरेना. “अहो, हे ‘हाय’ म्हणजे नेमकं काय? गमतीचं गाणं आहे का?”

मी खाली बघितलं. माझे कान तापले होते. आणि तू माइकमधून, अगदी साधेपणानं म्हणालास, “नाही. पत्ता आहे.”

मग तू काचेतून माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, “आधी मास्तरांचं घेऊ.” आणि तू ‘आहे’ गायलास. मला वाटलं होतं, वाईट गाशील. मुद्दाम जरासं वाकडं म्हणशील, म्हणजे वाद तिथंच मिटेल. तू तसं केलं नाहीस. इतकं स्वच्छ, इतकं मनापासून म्हटलंस की विल्सननं माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यानंतर ‘हाय’ म्हटलंस, आणि तेही तसंच. रेकॉर्डिस्ट या वेळी हसला नाही. दोन्ही टेक ठेवू, नंतर कळवा, म्हणाला, आणि ऐकायला एका कॅसेटवर भरून दिले.

तू वाईट गायला असतास तर आज मला किती सोपं झालं असतं.

येताना एसटीत तू खिडकीशी होतास, पुढच्या सीटच्या दांडीवर कपाळ टेकून. मी विचारलं, काय झालं. म्हणालास, डोकं दुखतंय, दिवसभर हेडफोन होता. मी म्हणालो, “चहा कमी पीत जा.” गाडी सुप्याला थांबली. तिथून आमच्या पारनेरच्या गावाकडे रस्ता फुटतो, हे तुला माहीत होतं. तू डोकं वर केलंस.

“मास्तर, तुझी आई काय म्हणायची? आहे का हाय?”

मी बाहेर बघत राहिलो.

“एकदा म्हणून दाखव. नुसतं ‘मी हाय’. तू एकदा म्हण, मग तू सांगशील तो टेक. ‘आहे’ म्हणालास तर ‘आहे’. माझी कायबी तक्रार नाही.”

“मला येत नाही ते बोलायला,” मी म्हणालो.

“पारनेरचा तू.”

“नाही येत.”

तू थोडा वेळ माझ्याकडे बघितलंस. मग म्हणालास, “बरं,” आणि परत दांडीवर कपाळ टेकलंस. माळीवाड्याला उतरल्यावर तू भिंगारच्या रिक्षात बसलास. आपण शुक्रवारी भेटणार होतो. बुधवारी रफिक आला.

मिलिंद, मला येत होतं.

दहाव्या वर्षापर्यंत मला दुसरं काही येतच नव्हतं. मग नगरला बोर्डिंगात घातलं. पहिल्या दिवशी वर्गात हजेरी चालली होती. माझं नाव आलं. मी उठून, गावच्या शाळेत म्हणायचो तसं मोठ्यानं म्हणालो, “हाय, गुर्जी.” गुरुजींनी चष्म्यावरून बघितलं. “हाय? हाय हाय? कोण मेलं रे?” सगळा वर्ग हसला. पुढे वर्षभर मी वर्गात शिरलो की कुणीतरी मागून ‘कोण मेलं रे’ म्हणायचं. मी तेव्हापासून आजपर्यंत तो शब्द उच्चारला नाही. सुट्टीत घरी गेलो की आईशीही ‘आहे’ बोलायचो. ती सुरुवातीला हसायची. मग तीही माझ्यासमोर जपून बोलायला लागली, शब्द शोधून, पाहुण्याशी बोलल्यासारखी. ती गेली तेव्हाही तसंच बोलत होती. शेवटी शेवटी “बरं आहे बाळा” असं म्हणायची मला, ‘बरं हाय’ नाही.

हे मी तुला त्या एसटीत सांगू शकलो असतो. सुप्यापासून माळीवाड्यापर्यंत भरपूर वेळ होता. तुला वाटलं असेल, मास्तरला आपली भाषा गावंढळ वाटते. तू ते मनात ठेवून गेलास की काय, हा विचार मला या अकरा दिवसांत कुठंही गाठतो. फळ्यावर लिहिताना, भाजी घेताना.

काल मी ती कॅसेट घेऊन तुझ्या घरी गेलो. पाकीटही बरोबर होतं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी आलो होतो तेव्हा गर्दी होती. फोटोपुढे मेणबत्त्या होत्या, बाबासाहेब आणि बुद्ध यांच्यामध्ये तुझा फोटो, आणि मला सारखं वाटत होतं की फोटोतला तू काचेमागून हात करतो आहेस. काल डेपोच्या क्वार्टर्समध्ये शांतता होती. मी कडी वाजवली.

“कोण हाय?” आतून आईंनी विचारलं.

“मी आहे,” मी म्हणालो. “मास्तर.”

त्यांनी दार उघडलं, “या, बसा,” म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. अण्णा बाहेरच्या खोलीत होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, नेहमीसारखा, वरच्या बटणापर्यंत लावलेला. तुझ्या वडिलांना मी तुझ्यापेक्षा जास्त घाबरायचो, कारण त्यांचं मराठी माझ्याहून शुद्ध आहे. मी त्यांना सगळं सांगितलं. पुण्याहून पत्र आलंय, एक गाणं दोनदा म्हटलंय, त्यातलं एक ठेवायचं आहे. ठरवायचा अधिकार तुमचा.

“लावा,” अण्णा म्हणाले.

तुझा टेपरेकॉर्डर कपाटावर होता. अण्णांनीच खाली काढला, रुमालानं पुसला. आधी टेक एक लावला. अण्णा ताठ बसून ऐकत होते, हात गुडघ्यांवर. ‘आत ये, मी आहे.’ त्यांनी मान हलवली.

“स्वच्छ म्हटलंय. हेच पाठवा.”

“दुसरंही ऐका ना, अण्णा.”

“त्यात काय वेगळं आहे?”

“तो ‘हाय’ म्हणालाय.”

अण्णांनी टेप बंद केला. मग हळू, एकेक शब्द ठेवत म्हणाले, “मी कॅम्पातल्या डेपोत लागलो तेव्हा आमच्या साहेबांना माझं बोलणं ऐकून दुसऱ्यांना बोलवायची सवय होती. ऐका, ऐका, म्हणायचे, हा कसा बोलतो. मी दोन वर्षांत बोलणं बदललं. मिलिंदला लहानपणापासून सांगितलं, दारात उभा राहूनसुद्धा ‘आहे’ म्हण. आपल्याला आपल्या बोलण्यावरून कुणी ओळखू नये. तो माझ्याशी ‘आहे’ बोलायचा, आईशी ‘हाय’. मी कधी अडवलं नाही. पण घरातलं घरात. मास्तर, ही कॅसेट पुण्या-मुंबईत जाणार. लोक हसतील. तुम्हाला माहीत आहे ते कसं असतं?”

मला माहीत होतं. मी त्यांना हजेरीची गोष्ट सांगितली. तुला सांगायची होती ती. त्या खोलीत, तुझ्या फोटोखाली, तुझ्या वडिलांना सांगितली. ‘कोण मेलं रे’ हेही म्हणून गेलो, त्या घरात तो प्रश्न कसा वाटतो ते मला म्हणेपर्यंत सुचलं नाही. अण्णांनी माझ्याकडे प्रथमच माणूस म्हणून बघितलं, मास्तर म्हणून नाही.

“म्हणजे तुम्हीही,” ते म्हणाले. मग स्वतःच टेपकडे हात केला. “लावा दुसरं.”

टेक दोन सुरू झाला. रफिकच्या चार काठ्या, मग तुझी गिटार. आत स्वयंपाकघरात आई कपबशा काढत होत्या, भांड्यांचे आवाज येत होते. पहिल्या टेकच्या वेळीही येत होते. तू गात गेलास. दिवा, पाय, दार. आणि मग, संगीत थांबवून, नुसत्या आवाजात:

‘आत ये, मी हाय.’

“आले, आले,” आई आतून म्हणाल्या.

कप ठेवल्याचा आवाज आला, लगबगीनं चार पावलं आली, आणि त्या दोन खोल्यांच्या मधल्या उंबऱ्यात येऊन थांबल्या. पदराला हात पुसत होत्या. बाहेरच्या दाराकडे बघत होत्या. मग त्यांना टेप दिसला.

मी टेप बंद करायला हात पुढे केला. अण्णांनी माझं मनगट धरलं. गाणं संपेपर्यंत धरून ठेवलं. आई उंबऱ्यातच खाली बसल्या आणि ऐकत राहिल्या. चहा उतू गेल्याचा वास आला तरी उठल्या नाहीत.

टेप थांबल्यावर अण्णा म्हणाले, “हसायचे ते हसतील.” आणि लगेच, “नाही, मी नाही ठरवत. शब्द तुमचे आहेत. तो म्हणायचा, शब्दांचं मास्तर बघतात. तुम्ही ठरवा.”

त्यांना काय माहीत, तू अट घालून ठेवली होतीस. एकदा म्हण, मग तू सांगशील तो टेक. मी ती पुरी केली नव्हती. माझ्या हातात काही नव्हतं.

मी निघालो. कॅसेट त्यांच्याकडेच राहू दिली. बाजारापर्यंत आलो, गिरणी ओलांडली. ती चालू होती, पाटी आत उलटी टांगलेली होती. तिथं लक्षात आलं की पाकीटही तुमच्या टेबलावर राहिलं. माघारी फिरलो. डोक्यात काही नव्हतं, एवढंच की पुण्याला उत्तर पाठवायला तो पत्ता लागेल. कडी वाजवली.

“कोण हाय?”

“मी हाय,” मी म्हणालो.

म्हणून झाल्यावर मला ऐकू आलं. आत काही क्षण काहीच हललं नाही, आणि मी दारात उभा राहून घाबरलो, की हे मी काय केलं, या घरात, या दारात. मग पावलं आली. सावकाश, घाई न करता. आईंना ठाऊक होतं, कोण आहे ते. कोण नाही तेही ठाऊक होतं. कडी निघाली. त्यांच्या हातात पाकीट होतं.

“ऱ्हायलं हुतं व्हय,” त्या म्हणाल्या. आणि मग माझ्याकडे बघत, “मास्तर, आता नीट बोलला. एरवी तुमचं बोलणं ऐकलं की मला वाटायचं, आपलं काय चुकतंय का काय.”

मी पाकीट घेतलं. जे पोर तिशीला आलं तरी आईशी पाहुण्यासारखं बोललं, ते काय बोलणार?

कॅम्पाच्या कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीपाशी थांबून मी पाकिटातला कागद काढून भिंतीवर धरला. लाल पेनानं गाण्यातला ‘आहे’ खोडला आणि वर ‘हाय’ लिहिलं. समासात खूण केली, म्हणजे छापणाऱ्याला ती चूक वाटू नये. मग पेन्सिलीतल्या त्या प्रश्नाखाली लिहिलं, टेक दोन.

तू म्हणाला होतास, तक्रार नाही.